बाय उणे तीन

"अण्णासाहेब, बाय उणे तीन म्हणजे काय हो?"

जिमखान्याचे अध्यक्ष अण्णासाहेब म्हेत्रे बेदाण्याच्या ढिगासमोर मांडी घालून बसले होते. एक बेदाणा उचलायचा, उजेडात धरायचा, तोंडात टाकायचा आणि समोरच्या शेतकऱ्याकडे दुःखानं बघायचं, हा त्यांचा धंदा. माझ्याकडेही त्यांनी तसंच बघितलं.

"कुठं लिवलंय?"

"एकोणसत्तर सालची स्कोअरबुक. आपण विरुद्ध मिरज. अवांतर धावा : बाय उणे तीन, लेगबाय दोन. एकूण अवांतर उणे एक."

"मग?"

"चेंडू बॅटला, अंगाला कशालाच लागला नाही आणि पळून धाव काढली की बाय. ती उणे कशी होईल? आपली माणसं उलटी पळाली का?"

अण्णासाहेबांनी विचार केला. "आमच्यात दोघं होती तशी," ते म्हणाले. "तू बारीकसारीकात शिरू नगो. तक्ता कर. फरशीवाला थांबलाय."

ही गोष्ट मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची. माझा विषय संख्याशास्त्र. तासगावात त्या वर्षी हा विषय घेतलेला मी एकटाच होतो, त्यामुळे मला मोजता येतं असा गावाचा समज होता. विजयंत जिमखान्याला पन्नास वर्षं झाली होती आणि सुवर्णमहोत्सवानिमित्त मैदानावर पॅव्हेलियन उभं राहिलं होतं. पॅव्हेलियन म्हणजे सहा खांब, वर पत्रा आणि खाली चार सिमेंटच्या पायऱ्या. पण समोरच्या भिंतीवर संगमरवरी फरशी बसणार होती, आणि तिच्यावर क्लबच्या पहिल्या सत्तावीस वर्षांतल्या फलंदाजांची तुलना कोरायची होती. डाव, धावा, सरासरी, शतकं, शून्यं. ज्याची सरासरी सगळ्यात जास्त, त्याचं नाव पॅव्हेलियनला.

तो फलंदाज कोण हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. सर्जेराव जमदाडे. माझे आजोबा. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तात्यांनी समारंभासाठी कोट शिवायला टाकला होता आणि कोट येईपर्यंत कोट घातल्यासारखे चालत होते.

तक्त्याच्या तळाला अण्णासाहेबांना एक गंमत हवी होती. "लोकांनी वाचून हसलं पायजे. शेवटची ओळ : सर्वाधिक शून्यं, भोपळे गुरुजी, चौदा."

भोपळे गुरुजी आमच्या गावात नगरपालिकेच्या दोन नंबर शाळेवर शिक्षक होते. अठ्ठावन्न सालापासून सत्तावीस वर्षं त्यांनी जिमखान्याची स्कोअरबुक लिहिली. अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचा स्कोअरही तेच खडूनं लिहायचे. द्राक्षाच्या औषध फवारणीमुळे अकरावा माणूस नेहमी कमी पडायचा. मग गुरुजी पेन्सिल वहीत ठेवायचे, पॅड बांधायचे, जाऊन बाद व्हायचे आणि परत येऊन स्वतःच्या नावापुढे शून्य लिहायचे.

आता क्लबचा एक नियम होता. तो अण्णासाहेबांच्या वडिलांनी, म्हणजे संस्थापक रावसाहेब म्हेत्र्यांनी घातला होता. वहीत ज्याच्या नावावर शून्य लागेल, त्याला रावसाहेबांच्या मळ्यातला एक तांबडा भोपळा मिळायचा आणि तो त्यानं डोक्यावर घेऊन पेठेतून घरी न्यायचा. सत्तावीस वर्षांत चौदा भोपळे दिले गेले. चौदाही एकाच घरी. दुसऱ्या भोपळ्यापासूनच गावानं त्यांचं आडनाव बदललं.

तक्ता सुरू करून चार दिवस झाले असतील. गुरुजी आमच्या घरी आले. सत्त्याहत्तर वर्षांचे, पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. तात्या टेलरकडे गेले होते.

"बाळ, दगडावरचा मजकूर तू करतोयस ना? एक काम होतं," ते ओट्यावरच बसत म्हणाले. "माझ्या नावाचं."

"शून्याची ओळ काढायला सांगू का?"

"छे छे. शून्यं माझीच आहेत, मीच लिहिली आहेत. फक्त नाव बरोबर लाव. विष्णू दामोदर लिमये."

मी ते नाव लिहून घेतलं, कारण मी ते पहिल्यांदा ऐकत होतो. माझे वडील चार वर्षं त्यांच्या वर्गात होते. प्रगतिपुस्तकावर वि. दा. लिमये अशी सही असायची. वडिलांना वाटायचं, हे सांगलीचे कुणी मोठे साहेब असावेत.

"तसा मला त्रास काही नाही," गुरुजी म्हणाले. "एकदाच झाला. आमच्या शैलाला बघायला वाईचे पाहुणे आले होते. लिमयांचं घर कुठं म्हणून दोन तास गावात फिरले. कुणाला सांगताच येईना. शेवटी तिसऱ्याच घरी पोहे खाल्ले आणि तिथली मुलगी पसंत करून गेले."

"अरेरे."

"शैला सुखात आहे. पुण्याला असते." त्यांनी पिशवीचा बंद नीट केला. "बोलायचं ते लोक बोलतात आणि विसरतात रे. दगडावर कोरलं की मात्र संपलं. उद्या मी गेलो तर मागं नाव तेवढंच राहणार. तेवढं एक बघ."

मी लगेच अण्णासाहेबांकडे गेलो. त्यांनी एक बेदाणा खाल्ला.

"लिमये कोन?"

"भोपळे गुरुजी."

"मग भोपळेच लिव की. लिमये लिवलं तर लोक इचारतील, ह्यो कोन आनि आमच्या क्लबात कशाला आला होता. आनि ही साधी गोष्ट न्हवं, पोरा. सत्तावीस वर्षांत अख्ख्या क्लबात दुसऱ्या कुनाचं एक शून्य न्हाई! हा जागतिक विक्रम आसनार."

मी दुकानाच्या पायरीवरच थांबलो. कुणाचंच नाही?

हे वाक्य गाव कित्येक वर्षं अभिमानानं म्हणत होतं. पण सत्तावीस वर्षं, ते ऊन, ती खडबडीत खेळपट्टी आणि येसू माने. येसू माने दहाव्या नंबरला यायचे आणि गोलंदाजाकडे पाठ करून उभे राहायचे, असं त्यांचे स्वतःचे चिरंजीव सांगायचे. तरी एक शून्य नाही?

घरी येऊन मी आमच्या सरांनी शिकवलेलं एकमेव उपयोगी काम केलं. सगळ्या डावांच्या धावांचा फक्त शेवटचा आकडा घेतला आणि वारंवारता मांडली. एकूण डाव एक हजार नऊशे बारा. दोनपासून नऊपर्यंत सगळे आकडे शहाण्यासारखे आपापल्या संख्येत होते. एक हा आकडा मात्र पाहिजे त्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि शून्य फक्त पंधरा वेळा. पंधराही गुरुजींच्या नावावर, चौदा नुसती शून्यं आणि एकदा दहा.

बाकी कुणीही, कधीही दहावर बाद नाही. वीसवर नाही. पन्नासवर नाही. तात्यांची शतकं मी पुन्हा काढून बघितली. एकशे एक, एकशे एक, एकशे एक्कावन्न, एकशे एक.

हे आकडे मी कुठं बघितले होते ते मला आठवलं. लग्नात. आहेराच्या पाकिटावर.

मग एकेक ओळ तपासायला घेतली. स्कोअरबुकात फलंदाजाच्या नावापुढे त्याच्या धावा एकामागून एक लिहिलेल्या असतात आणि शेवटी बेरीज. चार, दोन, चार, बाद. बेरीज अकरा. खाली येसू माने. बाद. बेरीज एक. त्याच्याखाली बाबूलाल मुल्ला. बाद. बेरीज एक. आणि पानाच्या तळाला, संघाची एकूण बेरीज खरीच राहावी म्हणून, बाय उणे तीन.

गुरुजींच्या घरी गेलो तेव्हा काकू घारगे तळत होत्या. भोपळ्याचे.

"खा रे," काकू म्हणाल्या. "दुसरं गोड मला येतच नाही. लग्न होऊन आले आणि सहा महिन्यांत पहिला भोपळा आला."

मी एकोणसत्तरची वही गुरुजींसमोर उघडली आणि उणे तीनवर बोट ठेवलं. गुरुजींनी चष्मा लावला, वाचलं आणि वर्गात पोरगं सापडल्यासारखे हसले. फरक एवढाच, की या वेळी पोरगं ते होते.

"पहिली तीस वर्षं कुणीतरी बघेल असं वाटायचं मला," ते म्हणाले. "मग वाटणं बंद झालं."

"पण का?"

"पहिलाच सामना होता, अठ्ठावन्नचा. तुझे आजोबा पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत. आणि सीमारेषेवर कवठ्याचे पाटील बसलेले. तुझ्या आजीचे वडील. मुलगा बघायला आले होते. त्यांना क्रिकेट कळत नव्हतं, पण वाचता येत होतं. ते उठून माझ्या टेबलाकडे यायला लागले." गुरुजींनी चष्मा वर सारला. "आता मला सांग, समोर शुभकार्य आहे आणि नवऱ्या मुलाच्या नावापुढे शून्य कसं लिहायचं? मी गावातल्या सगळ्या लग्नांत आहेराच्या वहीवर बसतो. पन्नासच्या पाकिटावर आपण एक्कावन्न का लिहितो? शेवटी एक लागतोच. मी एक लिहिला."

"मग पाटील काय म्हणाले?"

"म्हणाले, निदान एक तरी केला. ठरलं लग्न."

मी हातातला घारगा खाली ठेवला. माझं अस्तित्व त्या एका धावेवर उभं होतं आणि ती धाव झालीच नव्हती.

"मग सर्जेरावला दिल्यावर येसूला कसा नाही द्यायचा? पक्षपात झाला असता. येसूला शून्यावर एक दिला, तर दहा करणाऱ्यानं काय पाप केलं? चालूच राहिलं."

"आणि तुम्हाला स्वतःला?"

गुरुजींना प्रश्नच समजला नाही. मी पुन्हा विचारला.

"स्वतःच स्वतःला कुणी आहेर करतं का?" ते म्हणाले. "काहीतरीच."

काकूंनी कढईत पुढचा घारगा सोडला.

मी खऱ्या आकड्यांचा तक्ता त्यांना दाखवला. शून्यावर बाद : येसू माने एकतीस वेळा. दत्तोबा शिंदे सव्वीस. सर्जेराव जमदाडे तेवीस. बाबूलाल मुल्ला वीस. आणि पार खाली, लिमये गुरुजी चौदा. येसू मानेंची सरासरी एक पूर्णांक नऊ दशांश, गुरुजींची चार पूर्णांक एक. समकालीनांशी तुलना केली तर आमच्या खालच्या फळीतला सगळ्यात भरवशाचा फलंदाज हा माणूस होता, आणि डोक्यावर भोपळे घेऊन तोच गेला होता.

"तात्यांचा पहिला नंबर जात नाही," मी म्हणालो. "वहीत सरासरी चाळीस पूर्णांक एकोणतीस शतांश आहे. खरी बरोबर चाळीस."

"चाळीस?" गुरुजी कळवळले. "नुसते चाळीस?"

"हो."

"हे कुणाला सांगू नकोस. त्यानं कोट शिवायला टाकलाय. माझं नाव तेवढं लिमये कर, बाकी बाय आहेत तसे राहू देत. शब्द दे."

मी शब्द दिला आणि तो पाळला. तात्यांना मी एक अक्षर सांगितलं नाही. फक्त तो तक्ता त्यांच्या चष्म्याखाली ठेवला आणि शेजारी जाऊन बसलो.

तात्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हंजे येशालाबी दिला?" ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या बॉलला माझी दांडी उडून कीपरच्या फुडं पडली. मला म्हाईत नसंल?" तात्या उठून उभे राहिले. "मला वाटलं, गुर्जींनी माझ्या एकट्यासाठी केलं. पन्नास वर्षं ह्या मानसाचं उपकार मनात ठिवून गप बसलो. आनि हा मुल्लालाबी देत होता?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना!" त्यांना फार लागलं. "आनि ती सगळीबी गप बसली?"

"प्रत्येकाला वाटलं, आपल्या एकट्यासाठीच."

तात्या येरझाऱ्या घालू लागले. मग तक्त्याच्या तळाशी त्यांचं बोट थांबलं. "स्वतःला किती दिलं त्यानं?"

"एकही नाही."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला आणि न लावताच खिशात ठेवला. नंतर दोन दिवस ते कोट घातल्यासारखे चालले नाहीत.

समारंभ रविवारी सकाळी दहाला होता. फरशीवर पडदा होता. मी अण्णासाहेबांना तीनदा लिमये लिहून दिलं होतं, आणि तीन वेळा त्यांनी तो कागद बेदाणे बांधायला घेतला होता. पडदा सरकला. पहिल्या ओळीत तात्या : धावा पाच हजार सहाशे एक्केचाळीस, सरासरी चाळीस पूर्णांक एकोणतीस, शून्यं नाहीत. शेवटची ओळ : सर्वाधिक शून्यं, भोपळे गुरुजी, चौदा. लोक ठरल्याप्रमाणे हसले. गुरुजी दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी फरशी वाचली, मान खाली घातली आणि धोतराचा सोगा सारखा केला. काकू फरशीकडे बघतच राहिल्या.

तात्यांना सत्काराला बोलावलं. कोट चांगला बसला होता. त्यांनी माइक हातात घेतला.

"मला तेवीस भोपळे मिळायचे राहिल्यात," ते म्हणाले.

लोकांना वाटलं उन्हानं झालं. अण्णासाहेब पाण्याचा तांब्या घेऊन उठले.

"बसा, अण्णासाहेब. तुमच्या वडलांचा नियम हाय. शून्याला एक भोपळा. मी तेवीसदा शून्यावर गेलो आनि दरवेळी गुर्जींनी मला पदरची एक धाव दिली. पैली धाव माझ्या सासऱ्यांसमोर दिली. त्या एकावर माझं लगीन झालं."

पुढच्या रांगेतून आजी म्हणाली, "म्हंजे? शून्यावर केलं व्हय मी लगीन?"

"तू गप बस, आता काय उपेग न्हाई," तात्या म्हणाले. "ह्या गावात भोपळे आडनाव कुनाचं पायजे तर माझं पायजे. सर्जेराव भोपळे. बसवा त्या दगडावर."

मग मागच्या खुर्चीवरून काठी टेकत येसू माने उठले. वय ऐंशी.

"तेवीस काय सांगतोस भडव्या," ते ओरडले. "माझे तीसच्या वर हाईत!"

"एकतीस," मी म्हणालो.

"एकतीस!" ते अभिमानानं म्हणाले आणि खाली बसले.

बाबूलाल मुल्ला उठले. "आमचं किती, बेटा?"

"वीस, चाचा."

"बस, इतकेच?" त्यांचा चेहरा पडला.

दत्तोबा शिंदे वारले होते, पण त्यांचे चिरंजीव आले होते. त्यांनी वडिलांचे सव्वीस भर सभेत स्वीकारले. लोक टाळ्या वाजवू लागले. अण्णासाहेब हातात तांब्या घेऊन उभेच होते. शेवटी त्यांनी तांब्यातलं पाणी स्वतः प्यायलं, फरशीवाल्याला हाक मारली आणि विचारलं, "लिमये कसं लिवतात?"

खाली पायऱ्यांवर गुरुजी माझ्याजवळ आले. मला वाटलं रागावतील. त्यांनी मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाले, "बाळ, तू शब्द मोडलास का पाळलास?"

"पाळला, गुरुजी."

"मग ठीक," ते म्हणाले आणि काकूंकडे गेले. काकूंनी पदरानं त्यांचा चष्मा पुसून दिला.

मंगळवारी सकाळी गुरुजींच्या दारात हातगाड्यांची रांग लागली. पहिली ओढायला कोट घातलेले तात्या होते. मुल्लाचाचांची मुलं, येसू मान्यांचे नातू, शिंद्यांचे चिरंजीव, सगळ्यांनी आपापल्या वाटणीचे भोपळे परतीचा आहेर म्हणून आणले होते. तासगावचा बाजार पुरला नव्हता, दोन टेम्पो सांगलीहून आले. भोपळे ओसरीवर लागले, मग अंगणात, मग तुळशीभोवती, मग बाथरूममध्ये.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एवढे भोपळे बघितले आणि पदर खोचला.

"परत घारगे?" त्या म्हणाल्या.

गुरुजींनी आतून वही आणली. जुनी, त्यांच्या हातची, शेवटची काही पानं कोरी असलेली. पायरीवर बसून त्यांनी एकेक नाव लिहिलं आणि पुढे आकडा. माने एकतीस. शिंदे सव्वीस. जमदाडे तेवीस. मुल्ला वीस. इथं त्यांची पेन्सिल थबकली. त्यांनी हळूच बाबूलाल चाचांकडे बघितलं. चाचांनी दुसरीकडे बघितलं. गुरुजींनी वीसचे एकवीस केले.

फरशीवर आता वि. दा. लिमये आहे. अक्षरांभोवती खरवडल्याची खूण दिसते. गुरुजी जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची वही माझ्याकडे आहे. त्या शेवटच्या पानावर बेरीज आहे, एकूण भोपळे एकशे एक.

आणि तळाला, मोत्यासारख्या अक्षरात : बाय, उणे एक.